शेवटचे तीन आकडे

"या वर्षी पाकिटं नाहीत," असं सनान साहेब विहाराच्या सभेत उभं राहून म्हणाले आणि सगळं तिथून सुरू झालं. हेच वाक्य त्यांनी बसून म्हटलं असतं तर कदाचित कुणी मनावर घेतलं नसतं. पण जमीन-नोंदणी कचेरीतले दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी सभेत बसून बोलत नाहीत, आणि उभं राहून बोललेलं मागे घेता येत नाही.

प्रश्न नावेचा होता. नांग खाम ही बान दोन चाय वस्तीची बायकांची शर्यतीची नाव. तिच्या पोटाला या वेळी अशी चीर गेली होती की आतून नदी दिसावी. भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपला की नान नदीत शर्यती. त्याआधी नाव दुरुस्त व्हायला हवी, आणि नवं लाकूड, राळ, रंग, पुढचं नागाचं डोकं सगळं धरून सुतार दोन लाख चाळीस हजार बाट मागत होता. नाहीतर पलीकडच्या तीरावरच्या बान था माओकडून त्यांची जुनी नाव उसनी आणायची. आता उसन्या नावेतून शर्यत करणं म्हणजे शेजारणीचं लुगडं नेसून लग्नाला जाणं, आणि शेजारीण त्याच मांडवात बसलेली.

सनान साहेबांची बायको लद्दा नांग खामच्या पहिल्या बैठकीवर बसून वल्हं मारायची. ती काही सभेत बोलणाऱ्यांतली नव्हती. घरी चिकट भात वाफेला लावता लावता ती एवढंच म्हणाली, "उसन्या नावेत मी बसणार नाही. आणि पुढच्या वर्षी हा खांदा मला आपल्या नावेतही बसू देईल असं वाटत नाही. तेव्हा काय ते या वर्षीच."

बायकोने जन्मात कधी काही मागितलेलं नसलं की तिने मागितलेली पहिली गोष्ट फार जड वाटते.

आता पाकिटांबद्दल. वस्तीत काही बांधायचं, दुरुस्त करायचं म्हटलं की विहारातून पुण्याची पाकिटं निघतात. घरोघर वाटायची, लोकांनी नोट घालून कपाळाला लावून परत द्यायची, ही जुनी रीत. रीत चांगलीच आहे, पण तिचा अतिरेक झाला होता. शाळेच्या छपराची पाकिटं, इस्पितळाच्या खाटेची पाकिटं, कुणाच्या तरी मेहुण्याच्या गावातल्या घंटेची पाकिटं. कुणी हातात गठ्ठा घेऊन फाटकातून आत येताना दिसला की माणसं मागच्या दाराने कोंबड्यांना दाणे टाकायला जात, मग घरात कोंबड्या असोत वा नसोत. म्हणून साहेबांनी जाहीर केलं की नावेसाठी ऑनलाइन वर्गणी काढायची. जगातला कुणीही फोनवरून देईल, कुणाच्या फाटकात जायला नको.

"वर्गणी ती वर्गणी. फोनमधून मागितली म्हणून काय गोड लागते?" असं बुआलाय मावशी म्हणाल्या. त्या विहाराच्या कोपऱ्यावर खाओ सोई, म्हणजे रश्शातल्या शेवया, विकतात, नावेत लद्दाच्या मागच्या बैठकीवर असतात, आणि त्यांचं मत न विचारता मिळतं.

"मावशी, हा जमाना व्हिडिओचा आहे," असं फेन्चान बाई म्हणाल्या. या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. वस्तीतल्या अर्ध्या माणसांना त्यांनी अंकगणित शिकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यांना ते आलं नाही याची खंत त्यांना अजून होती. सनान साहेब या उरलेल्यांत मोडत होते.

वर्गणीची वेबसाइट निवडणं हे काम साहेबांनी जावई निवडावा तसं केलं. पहिली परदेशी होती, रुबाबदार, पण तिला फक्त क्रेडिट कार्ड चाले, आणि वस्तीत ते दोघांकडेच होतं. दुसरी बँकॉकची, सालस, पण ती नोंदणीकृत संस्थांनाच दारात उभं करी. तिसरीचा नियम कडक होता: ठरलेल्या दिवसापर्यंत ठरलेली रक्कम पुरी झाली तर सगळी तुमची, एक बाट जरी कमी पडला तरी सगळे पैसे ज्याचे त्याला परत. साहेबांना हीच पसंत पडली. त्यांच्या मते यात एक इभ्रत होती.

"म्हणजे सुताराला अर्धे पैसे देऊन कामाला तरी लावता येणार नाही?" लद्दाने विचारलं.

"अर्धवट कामं आपल्या कचेरीत होत नाहीत."

यावर लद्दा जे हसली ते साहेबांनी ऐकलं नाही असं धरून चालू.

मग कागदपत्रं. साइटवरच्या मुलीचा फोन आला. आवाज मधुर, मजकूर भयंकर. "सर, नाव कुणाच्या मालकीची आहे त्याचा पुरावा लागेल."

साहेब विहाराच्या भंतेजींकडे गेले. भंतेजींनी शांतपणे सांगितलं की नाव विहाराच्या आवारात राहते, पण विहाराची नाही. ती यानांगची, म्हणजे नावेच्या नाळेत, पुढच्या टोकात, राहणाऱ्या देवीची. आम्ही फक्त सांभाळतो. साहेबांनी हे जसंच्या तसं फोनवर सांगितलं.

"चालेल सर," मुलगी म्हणाली. "त्यांच्या ओळखपत्राची प्रत जोडा."

साहेबांनी समजावलं. मुलीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, नियम आहे." हे वाक्य ते स्वतः वीस वर्षं कचेरीच्या खिडकीतून लोकांना ऐकवत आले होते, आणि ते पलीकडून इतकं वाईट ऐकू येतं याची त्यांना कल्पना नव्हती. शेवटी भंतेजींची सही, वस्तीप्रमुखाचा शिक्का आणि साहेबांचा पांढऱ्या गणवेशातला पदकांसकट फोटो यांवर देवीचं काम भागलं.

वर्गणीचं पान सुरू झालं. व्हिडिओ फेन्चान बाईंनी काढला. त्यात साहेब नावेच्या चिरेत हात घालून गंभीरपणे बोलतात आणि मागे एक बदक फिरतं. बँकॉकच्या काही लोकांनी बदकासाठी म्हणून पैसे पाठवले. पण वस्तीतून काही येईना. साहेब चौकशी करत हिंडले, तेव्हा बुआलाय मावशींनी रश्शाच्या पातेल्यात डाव फिरवत खरं सांगितलं.

"साहेब, पाकीट दिलं की विहारात नाव वाचतात. अमुक अमुक, इतके बाट. शेजारणीला ऐकू जातं. तुमच्या फोनमध्ये दिलं तर कुणाला कळणार? ते पुण्य झालं की विजेचं बिल झालं?"

मुद्दा बिनतोड होता. साहेबांनी दुसऱ्या दिवसापासून वस्तीच्या भोंग्याचा ताबा घेतला. सकाळी राष्ट्रगीत, मग डासांच्या औषधाची सूचना, आणि मग साहेबांचा कचेरीचा आवाज: "नांग खाम नावेसाठी. बर्फवाले काम्पन, पाचशे बाट." आठ घरांपलीकडे काम्पनच्या साडूने भात खाता खाता हे ऐकलं आणि घास गिळायच्या आत सहाशे पाठवले. संध्याकाळी तेही वाचलं गेलं. रोज दोन वेळा यादी, आणि शेवटी एकूण रक्कम. आकडा असा काही चढू लागला की साहेब आरशासमोर केस जरा जास्त वेळ विंचरू लागले.

एवढ्यावर थांबलं असतं तर ही यशाची साधी गोष्ट झाली असती आणि सांगायची गरज पडली नसती. पण एक तारखेला सरकारी लॉटरीची पंधरवड्याची सोडत झाली. त्या दिवशी सकाळी साहेबांनी भोंग्यावर वाचलं होतं, "एकूण शहाण्णव हजार दोनशे चौऱ्याहत्तर." आणि दुपारी लॉटरीचे शेवटचे दोन आकडे निघाले सात आणि चार.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ. पण फांदीखालच्या लोकांना हे पटत नाही. बर्फवाल्या काम्पनने गंमत म्हणून चौऱ्याहत्तरची पाच तिकिटं घेतली होती. तो पैसे घेऊन थेट नावेपुढे गेला, नाळेला नव्या रंगीत फिती बांधल्या, उकडलेलं डुकराचं डोकं ठेवलं आणि वर्गणीत घसघशीत भर घातली. संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला कळलं होतं की साहेबांच्या तोंडून देवी बोलते.

साहेबांना हे खटकलं. ते पदवीधर होते. पण पुढच्या आठवड्यात पैशांची रीघ लागली, तेव्हा त्यांनी ठरवलं की श्रद्धेच्या बाबतीत अधिकाऱ्याने नाक खुपसू नये.

मग बुआलाय मावशींनी पौर्णिमेला नावेपुढे उदबत्त्या लावल्या आणि आपल्या स्पष्ट स्वभावाप्रमाणे देवीला विचारलं, या वेळी तीन आकडे दे, दोनांनी काय होतंय. त्या उठून उभ्या राहतात तोच डोक्यावरचा भोंगा बोलला: "एकूण एक लाख त्र्याऐंशी हजार सहाशे एकोणचाळीस."

सहाशे एकोणचाळीस. दुपारपर्यंत बाजारातली सहाशे एकोणचाळीसची झाडून सगळी तिकिटं उचलली गेली. आणि त्या क्षणापासून वर्गणी थांबली. ठप्प. एक बाट येईना.

दोन दिवस साहेबांना वाटलं की साइट बिघडली. तिसऱ्या दिवशी ते बुआलाय मावशींच्या दुकानात गेले.

"बिघडलंय काय, काही नाही," मावशी म्हणाल्या. "देवीने आकडा दिलाय. आता त्यात कुणी वीस बाट टाकले की आकडा बदलला. मग तिकिटांची काय पुरचुंडी बांधायची? सोळाला सोडत होऊ दे साहेब, मग बघा आम्ही कसे देतो ते."

"मावशी, सोळाला दुपारी बारा वाजता पान बंद होतंय. सोडत त्यानंतर. बाराला छप्पन्न हजार कमी असले तर आलेले सगळे पैसे परत जातील."

"मग एक दिवस पुढे ढकला. तुमच्या कचेरीत तारखा ढकलतच असता की."

साहेबांनी फोन लावला. "सर, नियम आहे," मुलगी म्हणाली.

त्यांनी भोंग्यावरून आवाहन केलं, मग आर्जव केलं, मग पुण्यावर एक छोटं व्याख्यान दिलं. लोक शांतपणे ऐकत, आणि खाली आकडा जागच्या जागी आहे ना एवढी खात्री करून कामाला लागत. रस्त्यात माणसं साहेबांना पूर्वीपेक्षा जास्त वाकून नमस्कार करत आणि हळूच सांगत, "साहेब, तुम्ही स्वतःही आता काही टाकू नका बरं का." पलीकडच्या था माओवाल्यांनी उसनी द्यायची नाव धुवायला काढली. इथल्या काठावरून ती स्वच्छ दिसायची, कारण ते ती मुद्दाम दिसेल अशी धुवत.

पंधरा तारखेची सकाळ उजाडली. लद्दा दोन दिवस खांद्याला तेल लावत नव्हती. सराव नाही तर तेल कशाला, असं तिचं साधं गणित. साहेब समोर बसून कॉफी गार करत होते. आपण सभेत बसून बोलायला हवं होतं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"अहो, तुमच्या त्या पानावर कमीत कमी किती देता येतात?" लद्दाने विचारलं.

"वीस. का?"

लद्दाने फोन उचलला, डोळे बारीक करून दोनतीनदा बोट टेकवलं आणि फोन उपडा ठेवला. "एकवीस दिले," ती म्हणाली.

साहेबांना आधी राग आला आणि मग शरम वाटली. "एकवीस बाट? छप्पन्न हजार हवेत आणि तू एकवीस देतेस? जमीन कचेरीतल्या अधिकाऱ्याची बायको, एकवीस बाट. हे मी भोंग्यावर कोणत्या तोंडाने वाचू?"

"नका वाचू. आकडा तेवढा वाचा."

साहेबांनी खरोखरच ते नाव वाचलं नाही. फक्त एकूण आकडा सांगितला: "एक लाख त्र्याऐंशी हजार सहाशे साठ."

आकडा वस्तीभर घुमला. मग कुठेतरी पातेलं पडलं. ते बुआलाय मावशींचं होतं. पाच मिनिटांत त्या साहेबांच्या फाटकात उभ्या होत्या, हातात डाव तसाच. आकडा कुणी हलवला हे त्यांनी विचारलं नाही, कारण हिशेब महत्त्वाचा होता. त्यांनी अंगणातच फोन काढला आणि नऊशे एकोणऐंशी बाट भरले. एक लाख चौऱ्याऐंशी हजार सहाशे एकोणचाळीस. आकडा पुन्हा जागेवर आला आणि मावशी रस्सा उतू जाईल म्हणून परत गेल्या.

पण मधल्या वेळात फेन्चान बाईंनी भोंगा ऐकला होता. बाईंना सहाशे एकोणचाळीसचं एकही तिकीट मिळालं नव्हतं, ती सगळी मावशींच्या ओळखीत संपली होती, आणि हे शल्य त्यांना आठवडाभर टोचत होतं. देवीने शेवटच्या दिवशी आपणहून आकडा बदलला याचा अर्थ उघड होता. त्यांनी सहाशे साठची सात तिकिटं घेतली, आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना घ्यायला लावली, आणि घरी येऊन बघतात तर शेवटी पुन्हा एकोणचाळीस. बाईंनी तोंडी वजाबाकी केली आणि एकवीस बाट पाठवले. पुन्हा साठ.

मावशींनी परत नऊशे एकोणऐंशी भरले. बाईंनी एकवीस. तिसऱ्या खेपेला मावशींच्या लक्षात आलं.

"हा कुठला न्याय?" त्या विहाराच्या चौकात उभ्या राहून म्हणाल्या. "त्यांचे एकवीस आणि आमचे दर वेळी नऊशे एकोणऐंशी? साहेब, भोंग्यावर वाचा. नावानिशी वाचा. कळू दे वस्तीला मुख्याध्यापिकेची भक्ती केवढी आहे ती."

साहेबांनी वाचलं. यात त्यांचा काही कावा नव्हता, वाचायची वेळच झाली होती. "बुआलाय मावशी, नऊशे एकोणऐंशी. फेन्चान बाई, एकवीस. बुआलाय मावशी, नऊशे एकोणऐंशी. फेन्चान बाई, एकवीस." भोंग्यातून निघालेला प्रत्येक एकवीस बाईंच्या कौलांवर येऊन पडत होता. जिने चाळीस वर्षं दुसऱ्यांना मार्क दिले तिला सगळ्या वस्तीसमोर एकवीस मार्क पडत होते.

पुढच्या वेळी बाईंनी दोन हजार एकवीस भरले.

मावशींनी दोन हजार नऊशे एकोणऐंशी भरले.

मग मात्र कुणी कुणाला आवरेना. मावशींच्या मागे अर्धा बाजार होता, बाईंच्या मागे शाळेच्या सगळ्या तुकड्या. बर्फवाल्या काम्पनला यात आपल्या सहाशे सातच्या तिकिटाचा चान्स दिसला आणि त्याने तिसराच आकडा लावून धरला. सोळाच्या सकाळी साहेबांनी कचेरीतून रजा घेतली आणि भोंग्याखालीच बसून राहिले, कारण आता दर पाच मिनिटांनी वाचावं लागत होतं. लोक खाली जमून ऐकत होते, हिशेब करत होते, एकमेकांच्या बेरजा चुकीच्या ठरवत होते. फेन्चान बाईंची एवढ्या वर्षांची खंत त्या एका सकाळी फिटली. वस्तीतला माणूस न् माणूस तोंडी वजाबाकी करत होता.

साडेअकराच्या सुमारास आकड्याने दोन लाख चाळीस हजार ओलांडले. साहेबांनी ते वाचलं, वाचताना त्यांचा आवाज चिरकला, आणि खाली कुणाचं लक्षही गेलं नाही. सगळे शेवटच्या तीन आकड्यांकडे बघत होते. फक्त लद्दा गर्दीच्या कडेला उभी होती. तिने डावा खांदा हाताने दाबून बघितला आणि तेलाची बाटली आणायला घराकडे वळली.

बाराला दोन मिनिटं असताना शेवटी एकोणचाळीस होते आणि मावशींच्या गोटात जल्लोष होता. तेवढ्यात साहेबांच्या वरिष्ठांना कचेरीत बसल्या बसल्या आठवलं की आपण सनानला काहीतरी देऊ म्हणालो होतो. भिडस्त माणूस, त्यांनी शंभर बाट पाठवले. पान बंद झालं तेव्हा आकडा होता दोन लाख सेहेचाळीस हजार सातशे एकोणचाळीस, आणि त्या आकड्याचं तिकीट वस्तीत एकाकडेही नव्हतं.

साहेबांना मागच्या दाराने घरी जावं लागलं. लोक सोडतीची वाट बघत बसले. देवीचा अंतिम शब्द सातशे एकोणचाळीस असला तर वरिष्ठांचं काय करायचं यावर चर्चा चालली होती. दुपारी निकाल लागला. शेवटचे तीन आकडे: एकशे अठरा.

म्हणजे कुणाचंच नाही. ना मावशींचं, ना बाईंचं, ना बर्फवाल्याचं. वस्तीवर सुतक पडलं. ते तासभर टिकलं असेल नसेल. मग फेन्चान बाई चष्मा कपाळावर ढकलून बुआलाय मावशींच्या दुकानात आल्या आणि फोन त्यांच्या नाकासमोर धरला. वर्गणीच्या पानावर, रकमेच्या खाली, बारीक अक्षरांत एक ओळ होती. एकूण दाते: एकशे अठरा.

"आपण वरचा आकडा बघत बसलो," बाई म्हणाल्या.

मावशींनी ती ओळ दोनदा वाचली. मग त्यांनी बाईंसाठी खाओ सोईचा वाडगा भरला, वर दोन तुकडे जास्त घातले, आणि म्हणाल्या, "देवी खोटं बोलत नाही. आपल्यालाच वाचता येत नाही." त्यानंतर त्या दोघींची जी गट्टी जमली ती अजून आहे.

सुताराने काम वेळेत केलं. साइटवरच्या मुलीने फोन करून विचारलं की आपल्या यशाचं रहस्य इतरांच्या माहितीसाठी सांगाल का. साहेबांनी घसा साफ करून सांगितलं की पारदर्शक हिशेब, लोकांशी रोजचा संवाद आणि निकोप स्पर्धा. तिने ते छापलं. यातलं एक अक्षरही खोटं नाही असं साहेबांचं अजून म्हणणं आहे.

शर्यतीच्या दिवशी नाव काठावरून सोडण्याआधी सगळ्या दात्यांची नावं वाचायची असं कबूल केलेलं होतं. साहेब पांढऱ्या गणवेशात, पदकं लावून, काठावरच्या माइकशी उभे राहिले. नावेत चाळीस बायका वल्ही आडवी धरून उन्हात बसलेल्या. पहिल्या बैठकीवर लद्दा. साहेबांनी मोठ्या रकमेपासून सुरुवात केली आणि एकेक नाव हुद्द्यासकट, सावकाश घेऊ लागले. बुआलाय मावशींचं नाव आलं तेव्हा मावशी नावेत अर्ध्या उठल्या आणि सगळी नाव डुलली. फेन्चान बाईंच्या नावाला शाळेच्या सगळ्या तुकड्यांनी टाळ्या वाजवल्या. शंभराव्या नावापर्यंत पंचांनी दोनदा घड्याळ दाखवलं. था माओची नाव केव्हाच नदीच्या मध्यावर गेली होती.

"साहेब, उरलेली संध्याकाळी वाचा," पंच म्हणाले.

"नियम आहे," साहेब म्हणाले आणि वाचत राहिले.

पंचांनी शेवटी त्यांच्याकडे पाठ करून निशाण वर केलं. नाव काठावरून सुटली. साहेबांनी माइक खांबावरून उपसला आणि त्याची तार जाईल तिथपर्यंत नावेच्या बरोबरीने काठाकाठाने धावत नावं घेतली. पदकं छातीवर वाजत होती. तार संपली तेव्हा एकच नाव उरलं होतं, सगळ्यांत लहान रकमेचं. साहेबांनी माइक फेकून दिला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि जमीन-नोंदणी कचेरीच्या इतिहासात कुणी ओरडलं नसेल एवढ्या जोरात ओरडले, "लद्दा, बान दोन चाय, माझी बायको, एकवीस बाट."

लद्दाने मागे वळून पाहिलं नाही, शर्यतीत पाहायचं नसतं. तिचं वल्हं तेवढं पाण्यात खोल गेलं.